एका हाकेचं गाणं

१

वरणभाताची एक वाटी अमिषाच्या पोटात जायला डिस्को कॅसेटची एक अख्खी बाजू लागते. हे प्रमाण मी स्वतः काढलंय. फिजिक्समध्ये एम.एस्सी. केलं, अलिबागच्या कॉलेजात शिकवलं, आणि आता माझी प्रयोगशाळा म्हणजे घराची मागची पडवी. उपकरणं दोन, चमचा आणि फोन.

डिस्कोच का, तर अंगाई लावली की मुलीआधी मी पेंगते. डिस्कोत ढोल कसा घड्याळासारखा पडतो, त्यामुळे चमचा कधी पुढे करायचा हे दोघींना कळतं. पण गाजलेल्या गाण्यांचा मला लवकरच वीट आला. मग मी कोणी न ऐकलेली शोधायला लागले. डब्यात गेलेल्या सिनेमांतली. दोन कॅसेटी काढून बंद पडलेल्या कंपन्यांची. त्यातल्या एका गाण्यात बाई चुकीच्या ठोक्यावर शिरते आणि शेवटपर्यंत तशीच गाते, कुणी तिला थांबवत नाही. एकात सिंथेसायझर थेट कुकरच्या शिट्टीसारखा वाजतो. ‘यादीत घालावीत अशी’ या नावाचं माझं एक पान आहे फोनवर. वाचणारे थोडे आहेत आणि त्यांतले निम्मे माझ्या माहेरचे.

म्हणूनच धाकट्या दिराची, केतनची हळद ठरली तेव्हा तो पडवीत येऊन म्हणाला, वहिनी, या वेळी गाणी तू काढायची, सगळ्या हळदींना वाजतात ती नकोत. आम्हा आगऱ्यांत लग्नापेक्षा हळद मोठी. अख्खा गाव नाचतो, आणि डीजेनं काय वाजवलं यावर पुढच्या हळदीपर्यंत चर्चा चालते. मला झाला तेवढा आनंद खरं तर व्हायला नको होता.

कारण त्या दिवसांत मला दुसरीच काळजी होती. अमिषा अडीच वर्षांची झाली तरी हाकेला ओ देत नव्हती. कान तपासून आणले, कान उत्तम. डॉक्टर म्हणाले, हाक मारत राहा, ओ द्यायला शिकवा, घाई करू नका. ‘घाई करू नका’ हे वाक्य फक्त दुसऱ्याच्या मुलाबद्दल बोलता येतं. मी दिवसभर तिच्यासमोर उकिडवी बसायचे, दोन्ही हात पसरायचे, “अमिषाऽ” म्हणायचे आणि वाट बघून शेवटी आपणच “ओ” म्हणायचे. ती माझ्याकडे टीव्हीवरच्या जाहिरातीकडे बघावं तशी बघायची.

२

परेश आमच्या गावचा डीजे. त्याच्या वडिलांची पूर्वी बँजो पार्टी होती, रेवसपासून पोयनाडपर्यंत त्यांना सुपाऱ्या असायच्या. ते गेल्यावर माळ्यावर कॅसेटींचं खोकं निघालं. परेशनं त्या सगळ्या फोनवर उतरवून घेतल्या होत्या. मी गाणी काढतेय म्हटल्यावर त्यानं मला पूर्ण गठ्ठाच पाठवला, म्हणाला, बघा वहिनी, यात काही तुमच्या कामाचं असलं तर.

बरंच होतं. कुणाच्या तरी ओटीवर रेकॉर्ड केलेली डिस्को, मागे कुत्रं भुंकतंय, ढोलाच्या जागी पत्र्याचा डबा. मी खूश. एका कॅसेटच्या दुसऱ्या बाजूला, चौथं, एक बिननावाचं गाणं होतं. एक पुरुष निरर्थक शब्द गातोय. ढोल, टाळी, ढोल, टाळी. आणि मग सगळं एकदम थांबतं. श्वासभर काहीच नाही. त्यानंतर कोरस, बायका, पुरुष, पोरं, सगळ्यांचा मिळून एकच स्वर:

ओऽ!

आणि पुन्हा ढोल.

ही युक्ती जुनीच आहे. नाचणाऱ्याच्या पायाखालची जमीन श्वासभर काढून घ्यायची आणि परत द्यायची. मी मनात म्हटलं, हे यादीत हवंच. चमचा पुढे केला. दुसऱ्यांदा गाणं थांबलं. तोंडातला भात तसाच ठेवून अमिषानं मान मागच्या दाराकडे वळवली आणि कोरसच्या किंचित आधी, स्वच्छ म्हणाली,

“ओ.”

मी चमचा टाकून तिला उचललं. इतके मुके घेतले की शेवटी तिनं मला ढकललं.

३

त्यानंतर मी ते गाणं किती वेळा लावलं हे सांगायची लाज वाटते. गणराज, माझा नवरा, मांडव्याच्या जेट्टीवर बोटकंपनीत आहे, संध्याकाळी येतो. तो आला की मी त्याला पायऱ्यांवर बसवायचे आणि गाणं लावायचे. अमिषा ओ द्यायची, तो टाळ्या वाजवायचा. मी मारलेल्या हाकेला मात्र ती अजूनही ढिम्म होती. मी स्वतःला समजावलं की आधी लय येते, मग अर्थ. कुठेतरी तसं वाचलंही होतं. नसेल वाचलं तर मीच लिहीन.

फक्त ती ओ देताना माझ्याकडे बघत नसे. फोनकडेही नाही. मागच्या दाराकडे बघायची. आमच्या मागच्या पडवीपुढे नारळाची वाडी, तिच्यापुढे बांध आणि बांधापलीकडे खाजण. पूर्वी तिथे आमचीच भाताची शेतं होती. एका उधाणाला बाहेरचा बांध फुटला, खारं पाणी शिरलं आणि आता सगळीकडे तिवरांची झाडी माजलीय. तिकडे बघण्यासारखं काही नाही.

एके दुपारी गाणं चालू असताना सासूबाई स्वयंपाकघरातून हात पुसत आल्या. काय झालं, हाक कशाला मारलीस, म्हणाल्या. मी मारलीच नव्हती. दुसऱ्या दिवशी गणराज न्हाणीघरातून “आलो, आलो” करत आला, अंगावर साबण तसाच. मी हसले. पण तो गेल्यावर गाणं पुन्हा लावून त्या थांब्यापाशी कान देऊन बसले. काहीच नाही. फोनवर आवाजाचा आलेख दाखवणारं ॲप आहे, त्यात बघितलं. ढोलाचे डोंगर, टाळ्यांचे सुळके आणि त्या जागी सरळ सपाट रेघ. मी तो आलेख सासूबाईंना दाखवला. किती शहाणी सून मिळालीय त्यांना.

त्यांनी रेघेकडे बघितलंही नाही. गाणं लाव म्हणाल्या. थांबा आला. अमिषा दाराकडे वळून “ओ” म्हणाली. सासूबाईंचा चेहरा उतरला.

“तुजाच आवाज हाय गो,” त्या म्हणाल्या. “तूच हाक मारतेस तिला.”

“आई, मी तुमच्यासमोर बसलेय. तोंड मिटून.”

“तेच तं बोलतंय मी.”

मग त्या अमिषाला कडेवर घेऊन उठल्या आणि जाता जाता मला ऐकवलं, की त्यांच्या आईनं त्यांना शिकवलं होतं, एका हाकेला ओ देऊ नये. माणूस तीनदा हाक मारतो. दुसरं जे काही असतं ते एकदाच मारतं. मी म्हटलं, आमच्याकडेही असं म्हणायचे. म्हणायचेच. मी ती म्हण वर्गात अंधश्रद्धेचं उदाहरण म्हणून सांगायचे.

४

परेशचा फोन आला. यादी मिळाली, एकदम कडक आहे म्हणाला, त्यातही ते ओ-वालं गाणं. मी म्हटलं, ते काढून टाक. तो ऐकूनच घेईना.

“पण तुमचा आवाज काय बसलाय वहिनी त्याच्यात. कुठं रेकॉर्ड केलंत? फक्त एकदाच काय हाक मारलीत, दोन-तीनदा मारायची ना. पब्लिक अजून उचलून धरील.”

मी विचारलं, कुणाला मारलीय हाक. तो हसला. म्हणाला, आता मलाच विचारा, अमिषाला, आणखी कुणाला.

फोन ठेवल्यावर मी शक्य ते सगळे खुलासे मांडले. माणसाचा मेंदू रिकामी जागा सोडत नाही, तिथे ओळखीचं काहीतरी भरतो. आमच्या घरात सगळ्यात जास्त ऐकू येणारा आवाज म्हणजे मी अमिषाला मारलेली हाक. म्हणून सगळ्यांना तोच ऐकू येतो. मला येत नाही, कारण मला माहीत असतं मी मारलेली नाही. खुलासा नीट बसत होता. परेश आमच्या घरात राहत नाही, एवढी एकच गोष्ट बाहेर उरत होती. माझं नावच कल्पिता. माहेरी म्हणायचे, हिचं सगळं नावाप्रमाणे.

मी फोनमधून गाणं पुसून टाकलं. केतनला सांगितलं, ते एक सोडून दे. तो म्हणाला, वेडी आहेस का, अख्खा मांडव ओ म्हणेल, हेच तर गाणं आहे. त्याला काय सांगणार होते? की गाण्यात मी आहे आणि मलाच मी ऐकू येत नाही?

त्या दुपारी सासूबाई आडव्या झाल्या होत्या. घर गप्प. मी पडवीत अमिषाचे कपडे घडी करत होते आणि ती माझ्याकडे पाठ करून मागच्या पायरीवर उभी होती, पायाची बोटं पायरीच्या काठावर. वारा नव्हता. भरती असावी, कारण तिवरांत पाणी चढताना ते बुडबुडे फुटल्यासारखं वाजतं तसं वाजत होतं. मग तेही थांबलं. श्वासभर.

“ओ,” अमिषा म्हणाली आणि पायरी उतरली.

मी तिला उचलून आत आणलं आणि दाराला कडी घातली. त्यानंतर ती कडी मी कुणाला काढू देईना.

५

हळदीच्या दिवशी मागचं दार उघडावंच लागलं. चुली वाडीत मांडल्या होत्या, बायकांची ये-जा तिथूनच. घरातल्या सगळ्या बायकांना एकसारख्या साड्या घेतल्या होत्या पनवेलहून, पिवळ्या, हिरव्या काठाच्या. हल्ली तशी पद्धतच आहे. मागून बघितलं तर कोण जाऊ, कोण नणंद, कोण पाहुणी, पत्ता लागत नाही. गणराजनं दोनदा चुकून दुसरीच्याच खांद्यावर हात ठेवला आणि दोनदा मार खाल्ला.

मी अमिषाला दिवसभर खाली ठेवलं नव्हतं. दिवे लागायच्या सुमारास केतनला हळद लावायला मला पुढे बोलावलं, तेव्हा तिला नणंदेच्या, सुचिताच्या कडेवर दिली. सांगितलं, सोडू नकोस. हळद लावून हात पुसत वळले तर सुचिता दोन्ही हात वर करून नाचत होती.

“अमिषा कुठंय?”

“तुझ्याकडं ना. तूच तं हाक मारलीस मागून, ती उतरून पळाली.”

मांडवात परेशनं ते गाणं लावलं होतं. ढोल, टाळी. मी मागच्या दाराकडे धावले. चुलींपाशी कुणी नव्हतं, सगळे नाचायला गेलेले. डीजेचे फिरते दिवे घराच्या कौलांवरून वाडीत सांडत होते, हिरवे, मग लाल, मग अंधूक. त्या उजेडात अमिषाचा पिवळा फ्रॉक दिसला. ती वाडीतून बांधाकडे चालली होती. पळत नव्हती. एखाद्याकडे जावं तशी जात होती.

मागून धावले असते तर ती पळाली असती. पाठलाग म्हणजे तिच्या लेखी खेळ, आणि पुढे पाणी होतं. म्हणून मी नारळांच्या कडेनं वळसा घेतला. तिच्या पुढे जाऊन बांधावर पोचायचं, वाट अडवायची. झावळ्या, पालापाचोळा, एकदा पाय कशात तरी गेला. मधलं मला नीट आठवत नाही. बांधावर पोचले तेव्हा खाजण माझ्या पाठीशी होतं आणि अमिषा समोरून येत होती. मी नेहमीसारखी उकिडवी बसले. दोन्ही हात पसरले.

गाणं थांबलं.

मी हाक मारली. तीनदा मारायची हे मला माहीत होतं, मनात तेच घोकत आले होते. पण एकदाच मारली. दुसरी घशातून आलीच नाही.

“ओऽ!” मांडव ओरडला, आणि त्यात मिसळून अमिषाही. ती थेट माझ्याकडे बघत होती. जन्मात पहिल्यांदा तिनं माझ्या हाकेला ओ दिली होती. धावत येऊन ती माझ्या गळ्यात पडली. गरम, घामेजलेली, हळदीचा वास येणारी. मी तिला घट्ट धरलं.

मग तिच्या डोक्यावरून मला आमचं मागचं दार दिसलं.

पायरीवर एक बाई उभी होती. पिवळी साडी, हिरवा काठ. नुकतीच धावत आल्यासारखी, एक हात चौकटीवर. तिनं आम्हाला बघितलं होतं. तिचं तोंड उघडलं, मिटलं, उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. ढोल एवढा मोठा होता की काही ऐकू आलं नाही. लाल दिवा तिच्या चेहऱ्यावर येता येता कौलांवर सरकला. परत आला तेव्हा पायरी रिकामी होती.

सुचिता असेल, मी म्हटलं. चुकल्यासारखं वाटून मागे आली असेल.

६

सुचितानं नंतर शपथेवर सांगितलं, ती मांडवातून हलली नव्हती. तर मग दुसरी कुणी. एकसारख्या साड्यांत काय कळतंय? मला जास्त नवल साडीचं वाटलं, माझ्या. बांध कोरडा होता आणि माझ्या निऱ्या गुडघ्यापर्यंत खाऱ्या चिखलानं भिजलेल्या. वळसा घेताना पाय कशात तरी गेला होता, तेच असणार.

अमिषा आता ओ देते. पहिल्या हाकेला, दर वेळी. डॉक्टर म्हणाले, बघा, मी सांगत होतो. गणराज जेट्टीवर सगळ्यांना सांगत सुटलाय. मागच्या दाराकडे ती बघतही नाही. मी इतकी शांत कधीच झोपले नव्हते.

सासूबाई मात्र मी हाक मारली की ओ देत नाहीत. हातातलं काम थांबवतात आणि मान खाली घालून वाट बघतात. मला दुसऱ्यांदा हाक मारायचं लक्षात राहत नाही. हा काही गुन्हा नाही, लोक विसरतात. एकदा भाजी निवडता निवडता त्या अगदी हळू म्हणाल्या,

“कल्पिता, मना तीनदा हाक मार बघू, बाय.”

मला हसू आलं. “आई,” म्हटलं. मग तोंड उघडलं, पण दुसरं “आई” निघेना. तेवढ्यात अमिषा रडायला लागली म्हणून मी उठले आणि ते राहूनच गेलं. त्या दिवसापासून सासूबाई दुपारच्या आडव्या होत नाहीत. मागच्या पायरीवर बसून असतात, खाजणाकडे तोंड करून. मी विचारते, कुणाची वाट बघताय.

आज त्या केतनच्या सासुरवाडीला गेल्यात. वरणभात कालवला, पडवीत बसले आणि बऱ्याच दिवसांनी परेशकडून ते गाणं परत मागवून लावलं. शेवटी यादीत घालण्यासारखं गाणं आहे ते, गाणं म्हणून त्यात काही खोट नाही. ढोल, टाळी. ढोल, टाळी. मग थांबा.

या वेळी मला ऐकू आलं.

लांबून येत होतं, पाण्यावरून यावं तसं. एका बाईचा आवाज, अगदी माझ्यासारखा, ओरडून ओरडून बसलेला. तो थांबा एवढा मोठा कधीच नव्हता.

“अमिषा.”

मग, “अमिषा.”

अमिषाचं चावणं थांबलं. तिनं आधी माझ्याकडे बघितलं, बराच वेळ, आणि मग मान मागच्या दाराकडे वळवली. तिसरी हाक आली. तिचे ओठ गोल झाले.

मी तिच्या तोंडावर हात ठेवला. कुठल्याही आईनं हेच केलं असतं. कोरसचं ओ होऊन जाईपर्यंत हात तसाच दाबून धरला, आणि ढोल सुरू झाल्यावर चमचा पुढे केला.